खुराक आणि डबा : ताकद कमावण्यासाठी दूध की प्रोटीन पावडर?

एकसंबा हे चिकोडी तालुक्यातले गाव. तिथले श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. त्यांच्या पिढीचा खुराक बेळगाव-निपाणी पट्ट्यात आजही सांगितला जातो: म्हशीचे दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, ज्वारीची भाकरी आणि चालत असेल त्याला अंडी-मटण. आज बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या परिसरात राहून पहाटे जिमला जाणारा तरुण त्याच ताकदीसाठी प्रोटीन पावडरचा डबा घेतो. दूध की पावडर हा विषय निघाला की बाजू लगेच पडतात. तालमीतली जुनी माणसे पावडरीला ‘औषध’ म्हणून झटकून टाकतात. जिममधले ट्रेनर दुधाला ‘नुसती चरबी’ म्हणून बाजूला सारतात. दोन्हीकडे ठाम विश्वास आहे, मोजमाप मात्र क्वचितच कुणी करतो. गेल्या तीसेक वर्षांत या प्रश्नावर जगभर भरपूर प्रयोग झाले आहेत. ते एकत्र मांडले की एक गोष्ट लख्ख दिसते. पावडर स्नायू बांधत नाही, ती आहारातली प्रथिनांची तूट भरते. तूट किती हे न मोजता घेतलेला डबा हा निव्वळ खर्च आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक तरुणांची तूट दूध, डाळ, शेंगदाणे यांच्या आवाक्यातली आहे. हेच मला इथे पुराव्यानिशी मांडायचे आहे.

सुरुवात दोन्ही वस्तूंच्या नात्यापासून करायला हवी, कारण निम्मा गैरसमज तिथेच आहे. बाजारातली सर्वांत खपणारी प्रोटीन पावडर, म्हणजे व्हे, ही दुधातूनच निघते. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असते. दूध फाटले की केसीनचा गोळा होतो आणि व्हे पाण्यात उतरते. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खालच्या भांड्यात जे हिरवट-पिवळसर आंबूस पाणी रात्रभर ठिबकते ते याच जातीचे. घरचा चक्का मात्र एका बाबतीत वेगळा असतो. आपण दूध आधी चांगले उकळतो. त्या उष्णतेने व्हेमधली बरीच प्रथिने केसीनला जाऊन चिकटतात आणि दही लावल्यावर चक्क्यातच राहतात. म्हणून फडक्याखालचे पाणी फेकल्याने प्रथिनांचे फार नुकसान होत नाही. चीजच्या कारखान्यात दूध इतके तापवत नाहीत. तिथे गाळून उरलेल्या पाण्यात लिटरमागे सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. हे पाणी एकेकाळी डेअऱ्यांना डोईजड झालेला टाकाऊ माल होता. पुढे ते बारीक पडद्यांतून गाळून, साखर आणि क्षार वेगळे करून, वाळवून भुकटी करण्याचे तंत्र आले. ऐंशी टक्के प्रथिनांची एक किलो भुकटी मिळवायला असे शंभर लिटरहून जास्त पाणी गाळावे लागते. तेव्हा पावडरीला सरसकट ‘केमिकल’ म्हणणे चूक आहे, आणि तिच्यात दुधात नसलेली काही जादू असते असे सुचवणेही तितकेच चूक आहे. दुधातला एक भाग तिच्यात दाट करून भरलेला असतो, एवढेच.

हा भाग वेगळा काढल्याने काय साधते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला पहिल्यांदा फ्रान्समधले संशोधक पुढे आले. १९९७ साली त्यांनी दाखवले की व्हे पोटातून झटपट पुढे सरकते आणि रक्तातली अमिनो आम्ले एकदम वर चढवते. केसीन मात्र पोटात घट्ट होऊन बसते आणि तासन्‌तास थोडे थोडे सुटत राहते. व्हेमध्ये ल्युसिन नावाचे अमिनो आम्लही थोडे जास्त असते, आणि स्नायू बांधण्याची यंत्रणा सुरू व्हायला ल्युसिनचा इशारा महत्त्वाचा असतो. २००९ साली कॅनडातल्या एका प्रयोगात व्यायामानंतरच्या तीन तासांत व्हेने स्नायूंमधली प्रथिननिर्मिती सोया आणि केसीनपेक्षा जास्त वाढवली, असेही दिसले. पावडरीच्या जाहिरातींचा पाया हाच आहे, आणि तो खोटा नाही. पण तो तीन तासांचा आहे. स्नायू महिन्यांच्या मेहनतीने घडतात. पहिल्या तीन तासांत मागे पडलेले केसीन नंतर बराच वेळ काम करत राहते, आणि दुधात दोन्ही प्रथिने मुळातच एकत्र असतात. वेगावरून फळाचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी माणसांना आठवडेच्या आठवडे व्यायाम करायला लावून शेवटी काय हाती आले ते मोजावे लागते.

असे मोजमाप दुधावरही झाले आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात नव्याने वजने उचलू लागलेल्या ५६ तरुणांना बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम दिला गेला. एका गटाला व्यायाम संपताच अर्धा लिटर साय काढलेले दूध आणि तासाभराने आणखी अर्धा लिटर. दुसऱ्या गटाला तितक्याच प्रथिनांचे सोयापेय. तिसऱ्याला तितक्याच उष्मांकांचे साखरपेय. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला. चरबीविरहित वजन दुधाच्या गटात सरासरी ३.९ किलोने, सोयाच्या गटात २.८ किलोने आणि साखरेच्या गटात २.४ किलोने वाढले. डबा नाही, खास फॉर्म्युला नाही. साधे दूध, वेळेवर आणि मोजून. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात व्यायामानंतर साय असलेले आणि साय काढलेले दूध यांची तुलना झाली होती. सायीच्या दुधाने स्नायूंकडे अमिनो आम्ले जाण्याचे प्रमाण कमी भरले नाही, उलट थोडे जास्तच दिसले. एका छोट्या प्रयोगावरून ‘साय खा’ असा नियम काढता येत नाही, पण ‘चरबीमुळे दूध निकामी होते’ हा जिममधला समज मात्र त्याने सैल पडतो. तिसऱ्या गटाचा आकडाही नीट पाहण्यासारखा आहे. ज्यांना व्यायामानंतर नुसती साखर मिळाली त्यांचेही २.४ किलो वाढले. म्हणजे वाढीचा मोठा वाटा मेहनतीचा आणि रोजच्या जेवणाचा होता. दुधाने त्यावर दीड किलोची भर घातली.

सगळ्या प्रकारच्या पूरक प्रथिनांचा एकत्रित हिशेब २०१८ साली मांडला गेला. ४९ प्रयोग, १,८६३ माणसे. व्यायामाबरोबर जादा प्रथिने घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन, न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ३०० ग्रॅम जास्त वाढले, आणि एकदाच उचलता येणारे कमाल वजन साधारण अडीच किलोने. फायदा खरा आहे, पण डब्यावरच्या फोटोतल्या छातीशी त्याचे काही नाते नाही. त्याच अभ्यासातून दुसरा आकडा पुढे आला, जो मला अधिक मोलाचा वाटतो: दिवसभरातली एकूण प्रथिने शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत गेली की त्यापुढची भर सरासरीने काही वाढवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शिका काढली, तिनेही हीच मर्यादा सांगितली आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पूरके टाळा, असा सल्ला दिला. सामान्य निरोगी माणसासाठी त्यांची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. व्यायाम करणाऱ्याला त्याच्या दुपटीच्या आसपास लागते, हे मान्य करूनही गणित आवाक्यातच राहते.

इथे जिममधले दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रोटीन गेले नाही तर मेहनत वाया. २०१३ मध्ये या ‘वेळेच्या खिडकी’वरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा लक्षात आले की वेळेचा म्हणून जो फायदा दिसत होता तो मुख्यतः दिवसभरात जास्त प्रथिने गेल्याचा होता. दुसरा आक्षेप, एका वेळी पंचवीस-तीस ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने अंगी लागत नाहीत, म्हणून दर तीन तासांनी शेक हवा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये व्यायामानंतर एका गटाला २५ आणि दुसऱ्याला तब्बल १०० ग्रॅम प्रथिने एकदम दिली आणि बारा तास मागोवा घेतला. शंभर ग्रॅमवाल्यांच्या शरीराने ती वाया घालवली नाहीत. सावकाश पण दीर्घकाळ वापरली. आणि त्या प्रयोगात दिलेली प्रथिने दुधाचीच होती. सकाळच्या मेहनतीनंतर एक तांब्या दूध आणि मग दुपारी-रात्री भरपेट जेवण हा जुना क्रम मोडायचे काही कारण या पुराव्यात सापडत नाही.

आता हिशेब आपल्या ताटात आणू. साठ किलो वजनाचा, नियमित कसरत करणारा तरुण घेऊ. त्याला दिवसाला ९६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. ज्वारी-गव्हाचे पीठ दिवसभरात ३०० ग्रॅम खाल्ले की ३० ग्रॅम मिळतात. आमटी आणि उसळ मिळून कोरडी डाळ-कडधान्ये ८० ग्रॅम: १८ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे किंवा त्यांची चटणी, एकूण ४० ग्रॅम: सुमारे ९ ग्रॅम. गाईच्या दुधात शेकडा ३.२६ ग्रॅम प्रथिने असतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते सांगतात. लिटरभर दुधाचे ३३ ग्रॅम झाले. वाटीभर दही धरले की बेरीज नव्वदीच्या पुढे जाते. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचे बारा-तेरा ग्रॅम मिळून लक्ष्य ओलांडले. शाकाहारी घरात पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या पंचवीस ग्रॅमची भर घालतात, आणि सोयाबीन तर बेळगाव जिल्ह्याच्या शिवारातच पिकते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ही उणीव खरी. पण डाळीत आणि दुधात ते भरपूर असते, म्हणून भाकरी-आमटी-दूध एकत्र आले की एकमेकांची कसर भरून निघते. शिवाय त्या लिटरभर दुधातून अकराशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम येते आणि शाकाहारी माणसाला इतरत्र जवळजवळ न मिळणारे बी-१२ जीवनसत्त्वही. स्नायू हाडांना धरून काम करतात. हाडांचा विचार न करता स्नायूंचा खुराक ठरवणे अर्धवट आहे.

पावडरीच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मात्र अजून बाकी आहे आणि तो टाळून चालणार नाही. दुधात प्रथिने एकटी येत नाहीत. म्हशीच्या दुधात शेकडा ३.६८ ग्रॅम प्रथिनांबरोबर साडेसहा ग्रॅम चरबी असते. नुसत्या म्हशीच्या दुधातून शंभर ग्रॅम प्रथिने घ्यायची म्हटली तर पावणेतीन लिटर प्यावे लागेल, आणि त्याबरोबर सुमारे २,९०० उष्मांक आणि १८० ग्रॅम चरबी पोटात जाईल. पहाटे उठून हजारांत जोर-बैठका काढणारा, दुपारनंतर पुन्हा मातीत उतरून लढती करणारा मल्ल हे जाळू शकत होता. दिवसभर गल्ल्यावर किंवा संगणकासमोर बसून संध्याकाळी तासभर जिम करणाऱ्याने तोच खुराक धरला तर दंडाआधी पोट वाढेल. याउलट पावडरीच्या एका मापात, तीसेक ग्रॅममध्ये, चोवीस ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १२० उष्मांक असतात. जुन्या पैलवानांचे नाव घेऊन आजच्या बैठ्या तरुणाला तूप-दुधाचा आग्रह करणाऱ्यांनी हा फरक मान्य केला पाहिजे. खुराक मेहनतीच्या मापाने ठरतो, परंपरेच्या मापाने नाही.

पण या मुद्द्याने म्हशीच्या सायीच्या दुधाचा अतिरेक बाद होतो, दूध बाद होत नाही. आपल्या भागात चांगले दूध म्हणजे दाट दूध, ही समजूत पक्की बसली आहे आणि तिच्यामागे व्यवहार आहे. डेअरीच्या केंद्रावर शेतकऱ्याला दर मिळतो तो फॅट आणि एस.एन.एफ. (चरबी सोडून उरलेले घन घटक) पाहून, म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि गाईच्या दुधाला ३.५ फॅट हे दराचे मूळ माप. सगळी साखळी आधी चरबी मोजते, म्हणून गिऱ्हाईकही साय पाहून दुधाची पारख करते. प्रथिने मात्र साय काढल्याने कमी होत नाहीत. टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का चरबी असते, प्रथिने जवळपास तितकीच राहतात. नंदिनीची पिशवी घ्या, गोकुळची घ्या, शंभर मिलिलिटरमागे प्रथिने आणि चरबी किती हे तिच्यावर छापलेले असते; ते वाचायची सवय लागली तर निम्मा वाद मिटेल. पाऊण लिटर साय काढलेल्या दुधात पावडरीच्या एका मापाइतकी प्रथिने अडीचशेच्या आसपास उष्मांकांत मिळतात. ज्याला इतके द्रव नको त्याच्यासाठी साधी स्किम्ड दूध पावडर आहे. तिच्यात प्रथिने ३५ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या त्या पिशवीवर कुणाच्या दंडाचे चित्र नसल्यामुळेच बहुधा कुणी तिचा विचार करत नाही. अमूलसारख्या सहकारी संस्थेने गेल्या काही वर्षांत जास्त प्रथिनांचे ताक, लस्सी, पनीर बाजारात आणले. दूध आणि पावडर यांच्यातली भिंत किती पातळ आहे हे त्यावरून कळते.

पैशाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. ढोबळ भाव धरून पाहू, आपल्या दुकानातले भाव घालून कुणीही तो पुन्हा करावा. गाईचे दूध लिटरला ५५ रुपये धरले तर प्रथिनांचा एक ग्रॅम साधारण १ रुपया ६५ पैशांना पडतो. ऐंशी टक्के प्रथिनांची पावडर किलोला ३,००० रुपये धरली तर एक ग्रॅम पावणेचार रुपयांना. स्किम्ड दूध पावडर किलोला ४०० धरली तर सव्वा रुपयाच्या आत. हरभरा डाळ ९० रुपये किलो धरली तर ग्रॅमला पंचेचाळीस पैसेही पडत नाहीत, आणि सोयाबीनची वडी १५० रुपये किलोने तीस पैशांच्या आत बसते. अर्थात डाळीचा ग्रॅम आणि दुधाचा ग्रॅम सारखा नव्हे. दुधाचे प्रथिन पचायला आणि अमिनो आम्लांच्या मेळात सरस आहे. पण दुधाचा आणि व्हेचा दर्जा जवळजवळ एकाच पंगतीतला असताना दुपटीहून जास्त किंमत कशासाठी मोजायची, याचे उत्तर घेणाऱ्याकडे असायला हवे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा बेळगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या आई-बापाच्या कमाईतून मुलगा महिन्याला डबा आणतो आणि घरात दूध मात्र चहापुरते येते, तेव्हा हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. डब्याच्या पैशात घरातल्या चौघांना रोज एकेक पेला दूध मिळाले असते.

शुद्धतेच्या बाबतीत दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवू. दुधात सर्रास युरिया आणि साबण असतो, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते सिद्धच वाटते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले सुमारे ९३ टक्के पिण्यास सुरक्षित निघाले; आरोग्याला घातक भेसळ १२ नमुन्यांत सापडली. चिंता वाटावी असे काही निघाले ते अफ्लाटॉक्सिन एम-१, पशुखाद्याला लागलेल्या बुरशीतून येणारे विष. ते मर्यादेपेक्षा जास्त ५.७ टक्के नमुन्यांत होते. म्हणजे दुधावर लक्ष ठेवायला हवे, पण त्याची भीती बाळगायचे कारण नाही. पावडरीचे चित्र याहून खराब आहे. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन पूरके तपासली. जवळजवळ ७० टक्क्यांच्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत सांगितल्याच्या निम्मीच प्रथिने भरली. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीजन्य विषे आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. लेबलची फसवणूक सोपी का होते हेही समजून घ्यावे. प्रथिने बहुधा नायट्रोजन मोजून ठरवतात, आणि ग्लायसिन, टॉरिनसारखे स्वस्त पदार्थ मिसळले की नायट्रोजन वाढतो, स्नायूला लागणारे प्रथिन वाढत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हीच युक्ती झाली आणि तान्ह्या मुलांचे जीव गेले. तेव्हा दुधालाही ही लबाडी अपरिचित नाही. फरक इतकाच की आपल्याकडे सहकारी डेअरीत दुधाची रोज तपासणी होते, डब्याची तशी होत नाही.

कुस्तीच्या मैदानात उतरणाऱ्यांसाठी तर धोका आणखी एका बाजूने आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतली ६३४ पूरके तपासून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९४ पूरकांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइड जातीची द्रव्ये सापडली. उत्तेजक चाचणीत खेळाडू सापडला की ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी त्याचीच. गावच्या आखाड्यापासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल मारणाऱ्या पोराची सगळी वाट अशा एका डब्याने बंद होऊ शकते. ज्या मल्लाला पुढे जायचे आहे त्याच्या वस्तादाने हा आकडा डोळ्यांआड करू नये.

दुधाच्या बाजूनेही काही गोष्टी सोडून द्याव्या लागतील. कोल्हापूरच्या कट्ट्यांवर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिण्याची आवड आहे आणि ती सीमाभागातही आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात, आणि उकळल्याने स्नायूंना लागणाऱ्या प्रथिनांचे काही बिघडत नाही. प्रथिनाची घडी उलगडते, अमिनो आम्ले जशीच्या तशी राहतात. दूध तापवूनच प्यावे. काहींना दूध पचत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मोठेपणी दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारे द्रव्य कमी होणे ही भारतात सर्रास आढळणारी गोष्ट आहे. अशांपैकीही पुष्कळांना जेवणाबरोबर एक पेला सोसतो, दही-ताक त्याहून चांगले सोसते. ज्यांना तेवढेही चालत नाही त्यांच्यासाठी लॅक्टोज जवळजवळ काढून टाकलेले व्हे आयसोलेट हा योग्य पर्याय आहे, आणि तिथे पावडरीला विरोध करणे हट्टाचे होईल. मूत्रपिंडाबद्दल मात्र दोन्हीकडे अतिशयोक्ती चालते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनांनी बिघडते, असे पुरावा सांगत नाही. पण ज्याला मूत्रपिंडाचा आजार आधीच आहे त्याला जादा प्रथिने बाधतात, मग ती डब्यातली असोत की दुधातली. आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांत हा आजार बरेचदा लपून असतो. चाळिशीनंतर शरीर कमवायला निघालेल्याने रक्त-लघवीची साधी तपासणी आधी करून घ्यावी.

मग पावडर कुणासाठी? भूक मेलेल्या वृद्धासाठी, ज्याचे स्नायू वयाने झिजत आहेत आणि ज्याला लिटरभर दूध जात नाही. शस्त्रक्रियेतून किंवा दीर्घ आजारातून उठणाऱ्यासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. वजनी गटात बसण्यासाठी उष्मांक कापत असताना स्नायू टिकवायचा आहे अशा खेळाडूसाठी, तपासलेल्या बॅचचा माल मिळत असेल तर. दूध न पचणाऱ्या शाकाहारी माणसासाठी. दिवस प्रवासात किंवा पाळीत जाणाऱ्या आणि वेळेवर ताट न मिळणाऱ्यासाठी. ही यादी छोटी नाही, आणि तिच्यातल्या कुणाला ‘डबा घेतोस म्हणजे फसवतोस’ असे हिणवणे अन्यायाचे आहे. पण या यादीत नसलेला, दोन वेळ पोटभर जेवणारा, एकोणीस-वीस वर्षांचा तरुण जेव्हा जिममध्ये नाव घातल्याच्या पहिल्याच आठवड्यात डबा घेतो, तेव्हा तो उणीव भरत नाही, घाई विकत घेतो. स्नायूंना घाई कळत नाही. त्यांना वाढता भार, झोप आणि रोजची भाकरी कळते.

सगळा पुरावा एकत्र ठेवून पाहिले तर क्रम सरळ लागतो. आधी मेहनत, मग दिवसाच्या एकूण प्रथिनांचा हिशेब, मग त्या हिशेबात दूध-डाळ-कडधान्यांची जागा, आणि एवढे करूनही तूट उरली तर तेवढ्यापुरती पावडर. आज हा क्रम उलटा चालतो, कारण जिथे सल्ला मिळतो तिथेच पुष्कळदा डबाही विकला जातो. हे बदलणे अवघड नाही. बेळगाव-निपाणीच्या तालमी आणि व्यायामशाळांनी एक साधा नियम करावा: नवा मुलगा आला की आधी त्याचे वजन लिहून घ्यायचे, आठवडाभराचे जेवण विचारायचे, प्रथिनांची बेरीज करून त्याच्या हातात द्यायची, आणि शिकवणाऱ्याने पूरके विकायची नाहीत. ती बेरीज करायला वही, पेन आणि दुधाच्या पिशवीवरचे आकडे पुरेसे आहेत. ती केल्यावर बहुतेकांना समजेल की त्यांना डब्याची नव्हे, आणखी अर्धा लिटर दुधाची आणि एक वाटी उसळीची गरज होती. ज्यांना डब्याची खरी गरज आहे, त्यांनाही तो किती दिवस आणि किती मापे घ्यायचा हे नेमके कळेल.